टिडेमानबाईंच्या ताब्यातली पार्सले

आमच्या इमारतीच्या दारावर आठ बेल आहेत. सगळ्यात खालची टिडेमानबाईंची. पार्सलवाल्याचा एक हात खोक्याखाली अडकलेला असतो. दुसऱ्याने जी बेल सहज दाबता येईल ती तो दाबतो. त्यामुळे गेली बारा वर्षे जर्मनीत ब्रेमेनमधल्या आमच्या या घरात येणारे जवळजवळ प्रत्येक पार्सल आधी टिडेमानबाईंच्या स्वयंपाकघरात जाते आणि मग आपल्या मालकाकडे. घरी कोणी नसले तर पार्सल शेजाऱ्याकडे ठेवायचे आणि मालकाला तशी सूचना धाडायची, ही इकडची रीतच आहे. 'नाही' असे कोणी म्हणत नाही. वीस वर्षे ज्याच्याशी 'आज गारठा आहे' यापलीकडे बोलणे झालेले नाही, त्याचा बाराशे युरोंचा टीव्हीही आपण मुकाट्याने आपल्या पॅसेजमध्ये ठेवून घेतो.

बाईंचे वय एकाहत्तर. उंची बेताची, केस आखूड, चष्मा गळ्यात दोरीला. पहिले नाव रोसविथा, पण ते मी फक्त त्यांच्या सहीत पाहिले आहे. एकतीस वर्षे त्यांनी शहरातल्या एका मोठ्या दुकानाच्या विजेच्या वस्तूंच्या विभागात काढली. विक्रीला नव्हे, मागच्या बाजूला, माल उतरवून घ्यायच्या फाटकावर. पुढे लोक घरबसल्या वस्तू मागवू लागले आणि दुकान बंद पडले. दुसरी कोणी असती तर तिने इंटरनेटच्या नावाने बोटे मोडली असती. बाई म्हणतात, "दुकान बंद पडलं, माल थोडाच बंद पडला? तेव्हा ट्रकने यायचा, आता दुमित्रूच्या व्हॅनने येतो. उतरवून घेणारी मीच!"

दुमित्रू हा आमच्या गल्लीचा पार्सलवाला. मूळचा रोमानियाचा, चाळिशीचा, कायम पळत असलेला. फक्त बाईंच्या दारात त्याला थांबावे लागते.

"थांब. हा कोपरा बघ."

"बाई, अजून एकशे चाळीस पार्सलं आहेत गाडीत."

"असू देत. त्यातलं हे एक चेपलंय. ते तुझ्या यंत्रात लिही, मग खुशाल पळ."

तो लिहायचा. न लिहिता सुटका नव्हती. त्या एका ओळीमुळे दुसऱ्या मजल्यावरच्या परिचारिकेला फुटलेल्या मायक्रोवेव्हच्या बदल्यात नवा मिळाला, तोही आठवड्याच्या आत.

मी क्रोगमान, पहिल्या मजल्यावर राहतो. एका घाऊक व्यापाऱ्याकडे खरेदीखात्यात आहे आणि निवृत्तीला दीड वर्ष उरले आहे. खरेदी कशी करावी हे मला कळते, असा माझा समज होता. पण बाईंनी कपडे धुण्याचे यंत्र घेतले तेव्हा मी त्यांच्या टेबलापाशी बसून नुसता बघत राहिलो. शहरातल्या दुकानात तीन यंत्रे होती आणि तिन्ही त्यांच्या न्हाणीघरात मावत नव्हती. संगणकावर त्यांनी रुंदी घातली, पंचेचाळीस सेंटिमीटर, तर सोळा निघाली. मग त्यांनी लोकांचे अभिप्राय वाचायला घेतले. चांगले सोडून दिले, तीन तारेवाले तेवढे वाचले. "पाचवाले खूश आहेत आणि एकवाले चिडलेत," त्या म्हणाल्या. "यंत्राबद्दल बोलतात ते मधलेच." दोन माणसांनी यंत्र आणून जोडून दिले आणि जुने उचलून नेले. दुकानापेक्षा नव्वद युरो कमी पडले.

त्यांच्या सावधगिरीचा अनुभव तिसऱ्या मजल्यावरच्या हार्येसला आला. हार्येस पन्नाशीचा, विमा कंपनीत आहे. हेडफोन हवा असला की तो तीन मागवतो, एक ठेवतो आणि दोन परत पाठवतो. चौदा दिवसांत कारण न सांगता वस्तू परत करता येते. तो हक्क त्याच्याइतका कोणीच वापरत नसेल. एकदा तो जिन्यातच नाचत खाली आला. निम्म्या किमतीत कॅमेरा मिळत होता, फक्त आजच्या दिवस.

"पैसे कधी द्यायचे?" बाईंनी विचारले.

"आधी. बँकेतून थेट. म्हणून तर स्वस्त आहे!"

"बिलावर नाही देत? माल बघून मग पैसे?"

"बाई, निम्म्या किमतीत तुम्हाला आणखी काय काय हवं? सोबत केकही पाठवा म्हणू का त्यांना?"

बाईंनी त्याचा फोन मागून घेतला. साइटच्या तळाशी गेल्या. मालकाचे नाव आणि पत्ता तिथे देणे इथे कायद्याने सक्तीचे आहे, आणि ते होतेही. बाईंनी त्या पत्त्यावरच्या माणसाचा नंबर शोधून फोन लावला. पलीकडून दातांच्या दवाखान्यातली मदतनीस बोलली. या आठवड्यात कॅमेऱ्याबद्दल विचारणाऱ्या तुम्ही अकराव्या, म्हणाली, आणि दाढ वगैरे दुखत असेल तर गुरुवारी या. हार्येसचा चेहरा उतरला. बाई एवढेच म्हणाल्या, "दाढ दुखतेय का, बघा बरं."

असे सगळे सुरळीत चालले होते. मग मार्च महिन्यात वेसेल्ससाहेबांचे खुब्याचे ऑपरेशन झाले.

वेसेल्स दुसऱ्या मजल्यावर राहतात. वय चौऱ्याहत्तर, बायको जाऊन सहा वर्षे झाली. बंदरात क्रेन चालवत. त्यांनी आयुष्यात इंटरनेटवर काही विकत घेतले नव्हते. वस्तू हाताने उचलून पाहिल्याशिवाय पाकीट उघडायचे नाही, हा त्यांचा बाणा. ऑपरेशननंतर तीन आठवडे ते एका सरोवराकाठच्या उपचारकेंद्रात होते. झाडांना पाणी आणि टपालपेटी, दोन्ही बाईंकडे सोपवून गेले होते.

ते गेल्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या नावाचे एक छोटे पार्सल आले. बाईंना नवल वाटले, पण बरेही वाटले. तिथे कोणीतरी शिकवले असेल, त्या मनात म्हणाल्या. नेहमीप्रमाणे कोपरे पाहिले, चिकटपट्टी पाहिली, सही केली. दोन तासांनी बेल वाजली. दारात पस्तिशीचा नीटनेटका माणूस उभा होता.

"वेसेल्सांचं पार्सल तुमच्याकडे आलंय ना? मी घ्यायला आलोय." त्याने फोन पुढे केला. पडद्यावर पार्सल कंपनीचा निरोप होता: तुमचे पार्सल शेजारी टिडेमान यांच्याकडे दिले आहे.

"तुम्ही त्यांचे कोण? पुतणे का?"

"हो, पुतण्या."

"खुबा कसा आहे आता?"

"आता बराच आराम आहे."

"आणि ते उपचारकेंद्रातलं जेवण? निघताना त्याचीच धास्ती होती त्यांना."

"तक्रार चालूच असते!" तो हसला. बाईही हसल्या, आणि पार्सल त्याच्या हातात दिले.

वेसेल्स परत आले त्या दिवशी मी बाईंकडेच होतो. शुक्रवार होता, निवृत्ती जवळ आल्यापासून शुक्रवारी मला सुट्टी असते. टेबलावर कॉफी होती. काठी टेकत, एकेक पायरी उतरत वेसेल्स आले आणि त्यांनी एक कागद बाईंपुढे ठेवला. एका मोठ्या विक्रेत्याचे स्मरणपत्र होते ते. तुम्ही आमच्याकडून घेतलेल्या फोनचे अकराशे एकोणपन्नास युरो अद्याप आलेले नाहीत. माल अमुक तारखेला पोहोचला. घेणाऱ्याची सही: टिडेमान.

"टिडेमानबाई, मी कसला फोन घेतला?" वेसेल्स म्हणाले. "माझा जुना फोन अजून चालतोय. बटणांचा."

बाईंनी चष्मा लावला. कागद वाचला. पुन्हा पहिल्यापासून वाचला. मला वाटले, आता त्या म्हणतील की काहीतरी घोटाळा आहे, विक्रेत्याला विचारू. तसे म्हणायला जागाही होती.

"सही माझी आहे," त्या म्हणाल्या. "पार्सल मी घेतलं आणि मीच दिलं. तुमचा पुतण्या म्हणून एक जण आला होता, त्याला."

"मला पुतण्या नाही. भाऊच नाही, तर पुतण्या कुठला?"

"ते मला ठाऊक नव्हतं." त्यांनी चष्मा उतरवला. "आणि त्यालाही ठाऊक नव्हतं. पुतण्या हा शब्द मी त्याला दिला. खुबा मी दिला. उपचारकेंद्र मीच दिलं. तो नुसता हो म्हणत गेला."

त्या चोराची रीत नंतर पोलिसांनी सांगितली. दुसऱ्याच्या नावाने, त्याच्याच पत्त्यावर, बिलावर माल मागवायचा. निरोप मात्र स्वतःच्या ईमेलवर घ्यायचा. घरात कोणी नाही हे आधी हेरून ठेवायचे. पार्सल शेजाऱ्याकडे गेले की निरोप आपल्यालाच येतो, मग जाऊन घेऊन यायचे. माल बघून पैसे द्यायची जी सोय आपल्याला खोट्या दुकानांपासून वाचवते, तीच या माणसाच्या कामी आली होती, आणि दुसरी कामी आली ती आमची शेजारधर्माची सवय. पार्सलाचा कोपरान्कोपरा बाईंनी तपासला होता. तपासायचा राहिला तो माणूस.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे ट्रामने पोलिसांकडे गेले. तक्रारीत बाईंनी स्वतःची चूक स्वतःहून लिहायला लावली. विक्रेत्याला पाठवायचे पत्र मी तयार केले: हा माल वेसेल्स यांनी मागवलेलाच नाही, त्यामुळे व्यवहारच झालेला नाही, सोबत पोलीस तक्रारीची प्रत. असले कागद दुर्लक्षून चालत नाही, आणि घाबरून पैसे भरून टाकले तर त्याहून वाईट.

वेसेल्स रागावले नव्हते. हार्येसचे तसे नव्हते.

"चोराला हसून दिलं म्हणे," तो जिन्यात मला म्हणाला, बाईंचे दार उघडे असताना. "माझा लॅपटॉप येणार आहे सोमवारी. तो कोणाच्या पुतण्याला देणार, कोण जाणे!"

संध्याकाळी त्याच्या टपालपेटीवर चिठ्ठी लागली: माझी पार्सले शेजाऱ्यांकडे देऊ नयेत. दोन दिवसांत आणखी दोन पेट्यांवर तशाच चिठ्ठ्या आल्या. एक त्या परिचारिकेची होती, मायक्रोवेव्हवालीची. ती माझी नजर चुकवून गेली.

बाईंनी तिन्ही चिठ्ठ्या चष्मा लावून वाचल्या. त्यांना काय गमवावे लागणार होते, ते मला तेव्हा कळले. पैशांचा प्रश्न नव्हता. पार्सलामुळे या घरातला प्रत्येक माणूस दिवसातून एकदा त्यांच्या दाराशी यायचा, नाव घेऊन हाक मारायचा, त्यांच्यावर विसंबायचा. एकतीस वर्षांच्या फाटकावरच्या कामातले एवढेच त्यांच्याकडे उरले होते.

"आता बंद करणार का?" मी विचारले.

"चूक झाली म्हणून?" त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी पावती न घेता पैसे दिले होते. "फाटकावर एकदा मी चाळीस रेडिओ उतरवून घेतले. आत विटा होत्या. दुसऱ्या दिवशीपासून प्रत्येक खोका उघडायला लागले, फाटक नाही बंद केलं. ज्यांना द्यायचं नाही त्यांनी देऊ नये. चिठ्ठी लावायचा हक्क आहे त्यांना."

हार्येसचा लॅपटॉप सोमवारी आला आणि दुमित्रूने चिठ्ठी वाचून तो परत नेला. पार्सल केंद्र विमानतळापलीकडे आहे आणि सहाला बंद होते. हार्येस दोनदा गेला. पहिल्यांदा ओळखपत्र विसरला.

पुढच्या शुक्रवारी मी बाईंकडे बटरकेक घेऊन गेलो होतो. दुमित्रू आला. हातात छोटे पार्सल.

"वेसेल्स. दार उघडत नाहीत. घेता का?" मग खालच्या आवाजात, "नाही घेतलं तरी चालेल हं, बाई. मला कळलंय सगळं."

"आण इकडे," बाई म्हणाल्या. कोपरे पाहिले, सही केली आणि पार्सल टेबलावर ठेवून थेट जिना चढल्या. वेसेल्स घरातच होते. टीव्हीचा आवाज इतका मोठा होता की त्यांना बेल ऐकू आली नव्हती. दोघे खाली आले.

"मी काही मागवलेलं नाही," वेसेल्स म्हणाले.

"मग तो येईल," बाई म्हणाल्या. "तुम्ही अजून तिकडेच आहात असं वाटतंय त्याला. क्रोगमानसाहेब, पोलिसांना फोन लावा. वेसेल्ससाहेब, तुम्ही जिन्याच्या वळणावर बसा. उभे राहू नका, खुबा नवा आहे."

पोलीस म्हणाले गाडी पाठवतो, तुम्ही काही करू नका. बाई म्हणाल्या, "मी काय करणारे? पार्सल देणारे. रीतसर."

चाळीस मिनिटांनी बेल वाजली. तोच माणूस, तेच हसू. यावेळी हातात फुलेही होती.

"पुन्हा मीच! काकांनी तुमच्यासाठी पाठवलीत."

"वा! ओळखपत्र बघू."

"अं?"

"ओळखपत्र. आता नियम केलाय आम्ही."

"अहो, पण मागच्या वेळी तर तुम्ही..."

"मागच्या वेळी मी तुमची सगळी उत्तरं तुम्हाला सांगितली. आज प्रश्नपत्रिका बदलली आहे. काकांचं पहिलं नाव काय?"

त्याची नजर पार्सलाकडे गेली. पार्सलावर नुसते 'ए. वेसेल्स' होते.

वरून आवाज आला, बंदरातला, क्रेनच्या गोंगाटावरून मारायचा. "एगिन्हार्ड! तुला कसं ठाऊक असणार म्हणा! माझ्या आईलाच ते धड म्हणता येत नव्हतं!"

माणूस वळला आणि पळाला. त्याच क्षणी पुढचे दार उघडून हार्येस आत येत होता, हातात परत पाठवायचे दोन हेडफोनचे खोके. पाठवायचे विसरून घाईत तो ते तसेच परत घरी घेऊन आला होता. टक्कर झाली. खोके एकीकडे, फुले एकीकडे, आणि हार्येस जमिनीवर बसलेला.

"कोण होता हा?" त्याने विचारले.

"माझा पुतण्या," वेसेल्स म्हणाले.

तो हाती लागला नाही. गाडी दहा मिनिटांनी आली. पण पोलिसांनी पार्सल नेले आणि फुलांभोवतीच्या कागदावरचे दुकानाचे नाव लिहून घेतले. महिन्याभराने विक्रेत्याचे पत्र आले: आमची वेसेल्स यांच्याकडे कोणतीही मागणी नाही, झाल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. वेसेल्सांनी ते पत्र आधी बाईंना वाचायला दिले आणि मग फायलीत लावायला माझ्याकडे.

हार्येसची चिठ्ठी त्या शुक्रवारीच निघाली होती. काढताना कोणी पाहिले नाही, पण चिकटपट्टीचे डाग अजून आहेत. बाकीच्या दोन आठवड्याभरात गेल्या. परिचारिकेने तर बाईंच्या दाराशी येऊन माफी मागितली. "माफी कसली? तुमचा केस वाळवायचा पंखा आलाय, घेऊन जा," बाई म्हणाल्या. "आणि ओळखपत्र दाखवा." तिने मुकाट्याने दाखवले.

आता सगळेच दाखवतात. बाईंनी नियम कुठे लिहून लावलेला नाही. नुसता हात पुढे करतात.

जूनमध्ये वेसेल्स माझ्याकडे आले आणि खुर्चीत बसता बसता म्हणाले, "क्रोगमानसाहेब, टीव्हीचा आवाज फक्त माझ्याच कानात येईल असं काहीतरी मिळतं म्हणे. हार्येस रोज वरून फरशी बडवतो. मागवायचं कसं ते दाखवा."

मी दाखवले. बिलावर, चौदा दिवसांच्या मुदतीने, तीन तारेवाले अभिप्राय वाचून. शेवटी एक रकाना येतो: तुम्ही घरी नसाल तर पार्सल कोणाकडे द्यावे? बहुतेक लोक तो रिकामा सोडतात. वेसेल्सांनी माझ्या हातातून माऊस घेतला आणि दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत स्वतः टाइप केले: टिडेमान, तळमजला.

"तुम्ही तर घरीच असता," मी म्हणालो.

"त्या दिवशी नसेन," ते म्हणाले.

पार्सल आले त्या दुपारी ते खरोखरच दोन तास वेझर नदीकाठी फिरून आले. मग बाईंच्या दाराशी उभे राहिले. हार्येस मागून जिना चढत होता, हातात आलेल्या टपालाचा गठ्ठा. मी कॉफीवर होतोच.

"माझं पार्सल."

बाईंनी हात पुढे केला.

"अहो टिडेमानबाई, एकोणीस वर्षं बघताय मला! या पायऱ्यांवर तुमच्याच सांगण्यावरून बसलो होतो!"

"ओळखपत्र."

वेसेल्स माझ्याकडे बघून हसले, काठी टेकत दोन मजले वर गेले आणि पाच मिनिटांनी ओळखपत्र घेऊन खाली आले. बाईंनी चष्मा लावला, पुढची बाजू पाहिली, मागची पाहिली, मग फोटो आणि माणूस, पुन्हा फोटो आणि माणूस.

"एगिन्हार्ड," त्यांनी पहिल्यांदाच ते नाव उच्चारले, सावकाश, एकही अक्षर न चुकता. "बरोबर आहे. घ्या."

हार्येस पहिल्या वळणावर थांबून हे सगळे बघत होता. त्याचेही काहीतरी आले होते, टेबलावर मला दिसत होते.  त्याने खिसे चाचपले आणि तो वर गेला, ओळखपत्र आणायला.